हरकत

रम्सच्या धक्क्यावर पहिल्या शुक्रवारी
मी मासळी मागितली ती किताबी अरबीत,
शेवटच्या अक्षरापर्यंत एकेक स्वर लावून,
दाभोळच्या मदरशात सात वर्षं
छडीच्या टोकाखाली घोटली होती तशी.
खल्फानने सुरी खाली ठेवली.
शेजारच्या होडीत हाक मारली,
"अरे ये, ऐक,
हा मासे मागत नाहीये, खुतबा देतोय."

मग त्यानेच शिकवलं.
समक नव्हे, सिमच.
बिकम नव्हे, बिचम.
किताबात ज्याला अक्षरच नाही तो च
इथल्या खलाशांच्या दाढेखाली, खारट,
आणि माझ्याकडे तर बाराखडीपासून पडून होता,
आईच्या चहातला, चिंचेच्या सारातला.

"आणि शेवटची हरकत गाळ," तो म्हणाला.
त्याची हरकत म्हणजे जेर, जबर, पेश.
माझी हरकत म्हणजे कुणी आडवं येणं.
हरकत नाही, म्हटलं मी मराठीत,
आणि एकटाच हसलो.
मागे उघडे डोंगर होते, पुढे आखात.

आता असरनंतर वसतिगृहात
मी एकोणतीस पोरांना बोलायला शिकवतो.
कुणाला दहा पारे पाठ, कुणाला तीसच्या तीस,
आणि तहान लागली की सगळे
घशाकडे बोट दाखवतात.
पाण्याला इथे माय म्हणतात, मी सांगतो. माय.
तकरार करा, म्हणजे पुन्हा पुन्हा म्हणा.
ती करतात तकरार,
माझ्या अर्थानेही, अरबांच्याही.

मुदीरचा नियम असा की
जो आपल्या मुलखाची भाषा बोलेल
त्याच्या गळ्यात जाळ्याचं शिसं,
दुसरा कुणी सापडेपर्यंत.
वास्वाने ते दोन दिवस घातलं.
मग गेलं एर्मेककडे,
नऊ वर्षांचा, बर्फाच्या गावाचा,
मुदपाकखान्यामागे मांजराशी बोलताना सापडला.
महिनाभरात त्याच्या तोंडून आम्ही ऐकलेली
तेवढीच काय ती वाक्यं.

त्याच आठवड्यात त्याला ताप चढला.
रात्री दोनला मी गेलो तर
शिसं छातीवर, अंगाइतकंच गरम.
"आपा," म्हणत होता. "आपा."
मला वाटलं बहीण.
कपाळावर ओलं फडकं ठेवलं
आणि माझ्याच तोंडून निघालं,
ना किताबातलं, ना धक्क्यावरचं,
"उगी रे बाळा, उगी,
आलंच बघ उजाडत."
तो गप्प झाला. डोळे उघडले.
"माय," म्हणाला.
स्वच्छ, खल्फानसारखं, शेवट गाळून.

क्षणभर मला कळेना
कुणाला आणायचं.
मग बाटली दिली.

सकाळी शिसं माझ्या गळ्यात होतं.
"कुणी पकडलं?" मुदीरने विचारलं.
कुणीच नाही, म्हटलं, ऐकणारा झोपेत होता.
पोरं एकमेकांना कोपरं मारत होती.
घोंगडीतून एर्मेकने डोकं काढलं,
"मा अलैह, उस्ताद."
धक्क्यावर कुणाचा पाय कुणाच्या टोपलीत पडला
की म्हणतात ते. मी शिकवलं नव्हतं.

रमजानात त्याच्या घरून फोन आला.
"आपा!" म्हणून तो धावला, बोलला, रडला,
मग फोन माझ्या हातात कोंबून पळाला.
पलीकडे बाईचा आवाज, आईच्याच वयाचा.
एक शब्द कळेना मला तिचा, तिला माझा.
शेवटी मी सावरून बसलो
आणि शुद्ध किताबी अरबीत,
एकही हरकत न गाळता, सांगितलं
की मुलगा बरा आहे, दोन वेळ जेवतो,
मासे आवडत नाहीत, पण मांजर खूश आहे.

ती ऐकत राहिली शेवटपर्यंत.
मग हळूच म्हणाली,
आमीन.